सर्व्हर संगणकाची शक्तिपुरवठा जोडणी
शक्तिपुरवठा संचातील एकदिश विद्युत् प्रवाह संगणकाच्या मदरबोर्डला, म्हणजे मुख्य मंडल फलकाला, पोहोचविणारी तारांची व कनेक्टरांची व्यवस्था. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा असतो. संच त्याचे ३·३, ५ व १२ व्होल्ट अशा स्थिर एकदिश दाबांत रूपांतर करतो. छोट्या सर्व्हरच्या पेटीत मोठा संच मावत नाही. निरनिराळ्या उत्पादकांचे घटक एकत्र आणावे लागतात. त्यामुळे त्यांच्या जोडणीची सुसंगती महत्त्वाची ठरते.

प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांत सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी बसवीत. त्यांची अदलाबदल झाल्यास फलक जळण्याचा धोका असे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकाने त्यांच्या जागी २० पिनांचा, उलटा न बसणारा एकच कनेक्टर आणला. प्रक्रियकाची गरज वाढल्यावर २००० मध्ये १२ व्होल्टचा ४ पिनांचा स्वतंत्र कनेक्टर आला, तर २००३ मध्ये मुख्य कनेक्टर २४ पिनांचा झाला. सर्व्हरच्या फलकांवर प्रक्रियकासाठी बहुधा ८ पिना असतात. दाब जास्त असल्यास तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने वाहून नेता येते व तारा कमी तापतात, म्हणून प्रक्रियकासाठी १२ व्होल्ट दाब निवडला गेला.

संगणक बंद असतानाही जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा अल्प पुरवठा चालू राहतो. फलकाने हिरवी तार शून्य दाबाशी जोडली की संच सुरू होतो आणि दाब स्थिर झाल्याची खूण करड्या तारेतून मिळते.

छोट्या सर्व्हरमध्ये १७० मिमी. बाजूचा चौरस मिनी-आयटीएक्स फलक पुष्कळदा वापरतात. मांडणीतील एका घराची उंची ४४·४५ मिमी. असल्याने तेथे ४०·५ मिमी. उंचीचा फ्लेक्स-एटीएक्स संच योग्य ठरतो. केवळ १२ व्होल्ट पुरविणाऱ्या नव्या मानकात मुख्य कनेक्टर १० पिनांचा असून बंद अवस्थेतील पुरवठाही १२ व्होल्टचा आहे. त्यामुळे जुना संच अशा फलकाला नुसत्या तारा जोडून चालत नाही. ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे मंडलही लागते.

कनेक्टर बसला म्हणजे जोडणी सुसंगत झाली, असे नव्हे. प्रक्रियकाच्या व आलेख कार्डाच्या ८ पिनी कनेक्टरांत १२ व्होल्ट व शून्य दाब यांच्या ओळी परस्परांच्या उलट असतात. काही उत्पादकांनी एटीएक्सच्याच आकाराच्या कनेक्टरात तारांचा क्रम बदलला होता. सुट्या होणाऱ्या केबलींच्या संचाकडील टोकास सर्वमान्य क्रम नाही. म्हणून दुसऱ्या संचाची केबल लावल्यास ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन चकती व तीवरील माहिती कायमची नष्ट होऊ शकते. आता पुष्कळ केबली पूर्ण काळ्या असल्याने रंगावरूनही निर्णय करता येत नाही. यास्तव पुस्तिकेतील पिनांचा क्रम ताडून, चकती व फलक जोडण्यापूर्वी प्रत्येक पिनेचा दाब बहुमापकाने मोजणे हाच विश्वसनीय उपाय होय.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्रात इलेक्ट्रॉनीय उपकरणांचे अभिकल्प, उत्पादन व देखभाल यांचे शिक्षण दिले जाते.