हत्तीचा पाऊस, गुलाबचा पाऊस

२०२१च्या सप्टेंबरअखेरीस बीड जिल्ह्यात जो पाऊस कोसळला, त्याला एकाच वेळी तीन नावं होती. हवामान खात्याच्या लेखी तो ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषाचा पाऊस होता. महसुली कागदांत ती अतिवृष्टी होती. आणि २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो, म्हणून गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तो हत्तीचा पाऊस होता.

‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावं देण्याची पद्धत २००४मध्ये सुरू झाली. सध्याची यादी एप्रिल २०२०ची : १३ देश, प्रत्येकाची १३ नावं, एकूण १६९. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की दिल्लीचं हवामान केंद्र यादीतलं पुढचं नाव लावतं. या यादीतलं पहिलंच ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ‘गुलाब’ २६ सप्टेंबर २०२१ला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, कमजोर होत मराठवाड्यावरून गेलं आणि अरबी समुद्रात पुन्हा बळावलं. तिथं त्याला कतारने दिलेलं ‘शाहीन’ हे नाव मिळालं. वाटेत बीडला मिळाला तो पाऊस. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले; नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली.

समुद्रावरचं नाव इशाऱ्यासाठी असतं. शेतातलं नाव कामाच्या वेळापत्रकासाठी. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो, तेवढाच त्या पावसाचा मुक्काम. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा. पाऊस पडो न पडो, नाव आधीच ठरलेलं. कॅरिबियन बेटांवरही अशीच रीत होती : वादळ ज्या संताच्या दिवशी येई, त्या संताचं नाव त्याला मिळे. पोर्तो रिकोत १८७६चं आणि १९२८चं अशी दोन्ही वादळं १३ सप्टेंबरलाच आली, म्हणून दोन्ही सान फेलिपे, नंतरचं ‘दुसरं’. आपल्याकडे तर न आलेल्या पावसालाही नाव मिळालं, पण वर्षाचं : बहात्तरचा दुष्काळ. बीडमध्ये ते अजून सांगावं लागत नाही.

हत्तीच्या पावसाची वाट पाहिली जाई ती रब्बीच्या ज्वारीसाठी. जमिनीत ओल भरली की पेरणी, आणि पुढं थंडीत त्याच ओलीवर पीक. आता खरिपात सोयाबीन आलं आणि त्याच पंधरवड्यात ते काढणीला येतं. शेंगा वाळलेल्या असतात. दोन दिवस भिजल्या तर दाणे शेंगेतच फुगतात, काळे पडतात, त्यांना कोंब फुटतात. कापून रचलेली गंजी वरून बरी दिसते, पण हात आत घातला की ऊब लागते आणि कुबट वास येतो. पावसाचं नाव तेच राहिलं, पीक बदललं. पण नुकसान मोजताना हा बदल कोणी ध्यानात घेत नाही.

कारण सरकारी मदतही नावावरच अडते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस झाला तरच अतिवृष्टी. पीकविम्यात काढणीनंतरच्या नुकसानीला १४ दिवसांपर्यंत संरक्षण होतं, पण ठरावीक कारणांसाठी : गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळाचा पाऊस, अवकाळी पाऊस. तक्रार ७२ तासांत करायची. हत्तीचा पाऊस अवकाळी कसा म्हणावा? तो तर पंचांगात तारखेनिशी छापलेला असतो. समुद्रावर वादळ असेल त्या वर्षी निदान नाव तरी सापडतं. नुसताच हस्त धो धो कोसळला तर शेतकऱ्याने काय लिहायचं?

२०२५च्या खरिपापासून राज्याने हे संरक्षणही काढलं. आता भरपाई पीक कापणी प्रयोगावर. त्या प्रयोगात उभ्या पिकाचं उत्पादन मोजलं जातं. त्यानंतर गंजीवर पडलेला पाऊस त्यात दिसत नाही. काढणीनंतरच्या संरक्षणाचं कलम परत यायला हवं, आणि त्यातल्या कारणांत हस्त-चित्रा नक्षत्रांचा पाऊस, वादळ असो वा नसो, स्पष्ट लिहिलेला हवा.