शिळे पॉपकॉर्न आणि डावा हात

आठवडाभरापूर्वीचे, वातड झालेले पॉपकॉर्न कोणी पिशवीभर खाईल का? वेंडी वुड, डेव्हिड नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे करून पाहिलं. सिनेमागृहात आलेल्या काही प्रेक्षकांना त्यांनी ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना सात दिवसांचे शिळे. कोणी किती खाल्लं हे नंतर मोजलं. एरवी सिनेमाला क्वचितच पॉपकॉर्न खाणाऱ्यांनी शिळे पॉपकॉर्न ताज्यांपेक्षा कमी खाल्ले. पण सिनेमा म्हटला की ज्यांना पॉपकॉर्न लागतातच, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. आवडले का, असं विचारल्यावर त्यांनी स्वच्छ ‘नाही’ म्हणून सांगितलं. जिभेला चव कळत होती, तरी हात पिशवीत जात राहिला.

खरी गंमत पुढे आहे. अशाच सवयीच्या माणसांना सिनेमागृहाऐवजी मीटिंगच्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा त्यांनी शिळे पॉपकॉर्न ताज्यांपेक्षा कमी खाल्ले. मग पुन्हा सिनेमागृह, पुन्हा शिळे पॉपकॉर्न, पण यावेळी एक छोटीशी अट घातली: ज्या हाताने नेहमी खाता त्या हाताने खायचं नाही. उजव्या हाताची सवय असलेल्यांनी डाव्या हाताने खायचं. एवढ्यानेच सवय मोडली! हात बदलताच चवीला पुन्हा किंमत आली आणि खाणं कमी झालं. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. मी तो अनेकांना सांगितला आहे, आणि दर वेळी ऐकणारा नकळत स्वतःच्या हाताकडे पाहतो. उपदेश नाही, शपथ नाही, निश्चय नाही; फक्त हात बदलला आणि माणूस काही मिनिटांसाठी स्वतःच्या ताब्यात आला.

वुड यांनी त्याआधी, २००२ साली, विद्यार्थ्यांना रोजनिशी लिहायला लावली होती. दर तासाला घड्याळ वाजायचं. त्या क्षणी आपण काय करतोय आणि मनात काय चाललंय, ते लिहायचं. रोजच्या वागण्यातला सुमारे ४३ टक्के भाग सवयीचा निघाला: जवळपास रोज, त्याच जागी, आणि बहुतेक वेळा मन दुसरीकडेच असताना केलेला. आपण दिवसभर जे ‘मी केलं, मी केलं’ म्हणतो, त्यातलं इतकं सगळं आपण हजर नसतानाच होऊन जातं.

हे होतं कसं? एमआयटीतल्या मेंदूशास्त्रज्ञ ॲन ग्रेबिएल यांनी उत्तर शोधलं उंदरांच्या मेंदूत. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक वाट होती. धावता धावता उंदराला एक सूर ऐकू येई. त्यावरून डावीकडे वळायचं की उजवीकडे हे ओळखायचं, आणि बरोबर वळला की बक्षीस चॉकलेटचं. मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात, केसांहून बारीक तारा बसवून तिथल्या पेशींची कुजबुज टिपली जात होती. नवखा उंदीर धावत असताना त्या पेशी वाटभर सक्रिय असत. पण तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवून झाल्यावर चित्र पालटलं. धाव सुरू होताना पेशी एकदम उसळत, खाऊपाशी पोहोचल्यावर पुन्हा उसळत, आणि मधल्या वाटेवर बऱ्याचशा गप्प. जणू मेंदूने ती सगळी धाव एका गाठोड्यात घालून दोन्ही टोकांना गाठ मारली होती. हे निष्कर्ष १९९९ मध्ये आले.

मला यात निसर्गाचा मोठेपणा दिसतो. प्रत्येक पावलाचा विचार करावा लागला असता तर सकाळी दात घासून, आंघोळ करून, कपडे घालून घराबाहेर पडेपर्यंतच आपण थकून गेलो असतो. गाठोडं बांधलं जातं म्हणून तर आई एकीकडे पोळ्या लाटताना दुसरीकडे मुलाची कविता पाठ करून घेऊ शकते.

पण गाठोडं एकदा बांधलं की सुटतं का? आपल्याकडे म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ग्रेबिएल यांच्या चमूने २००५ साली उंदरांचा खाऊ बंद केला. हळूहळू पेशींचा तो नमुना विरत गेला. खाऊ पुन्हा सुरू करताच नमुना परत आला, पुसला गेलाच नव्हता. २०१२ चा प्रयोग तर थक्क करणारा आहे. चॉकलेटच्या दुधाने मळमळतं हे अनुभवलेले उंदीरही सवयीने ते दूध मिळणाऱ्या बाजूलाच धावत होते. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला एक छोटासा पट्टा प्रकाशाच्या साहाय्याने तात्पुरता शांत केला, आणि जवळपास लगेचच त्यांनी ती वाट सोडली. काही दिवसांत त्यांना नवी सवय लागली. मग तोच पट्टा पुन्हा शांत केला तर नवी सवय गेली आणि जुनी उठून उभी राहिली! म्हण अर्धी खरी ठरली. खोड जात नाही, पण तिला झोपवता येतं. दहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडलेल्या माणसाला जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर अचानक तलफ का येते, याचा मला तरी इथे अंदाज येतो. त्या माणसाला दुबळं म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणूनच ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ हे वाक्य मला फार त्रास देतं. किती चांगली माणसं या एका वाक्याखाली वर्षानुवर्षं दबून राहतात! गाठोड्याची गाठ सुरुवातीला असेल, तर शोध तिथेच घ्यायला हवा. संध्याकाळी चिवड्याच्या डब्याकडे जाणाऱ्या हाताचंच घ्या. त्याला लगेच अडवू नका. चार-सहा दिवस फक्त एका कागदावर टिपत जा: किती वाजले, मी कुठे होतो, सोबत कोण होतं, नुकतंच काय संपलं. पुष्कळदा असं दिसेल की भुकेचा संबंधच नव्हता. ऑफिसचा शेवटचा फोन ठेवला की पाय स्वयंपाकघराकडे वळत होते. माणसाला हवा होता तो दोन कामांमधला विसावा. स्वतःला ओळखणं म्हणजे आत खोल डुबकी मारणं असं आपण धरून चालतो. पण सवयींच्या बाबतीत उत्तर बरेचदा बाहेर असतं, खोलीत, घड्याळात, टेबलावर.

नव्या सवयीलाही अशी गाठ लागते. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं घाम निघेल असा व्यायाम करायचा होता. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायामाचे फायदे नीट समजावून सांगितले. तिथे ३५ टक्के. तिसऱ्या गटाने ती माहिती वाचलीच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे एका वाक्यात लिहून दिलं. तिथे ९१ टक्के! यामागची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची: ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं आधीच जोडून ठेवायचं, म्हणजे वेळ आली की निर्णय घ्यावा लागत नाही.

ओळखीतल्या एक मावशी रक्तदाबाची गोळी हमखास विसरायच्या. त्यांच्या सुनेने गोळ्यांची पट्टी साखरेच्या डब्याला रबरबँडने बांधली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, साखरेसाठी डबा उचलला की पट्टी हातात. विसरणं थांबलं. पुढे त्या पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या. तिथे सकाळचा चहा जावई करतात, आयता कप मावशींच्या हातात येतो. आणि गोळी पुन्हा राहायला लागली. मावशी त्याच, स्मरणशक्ती तीच, फक्त डबा नव्हता. आता पट्टी त्यांच्या चष्म्याच्या घरात असते.

किती दिवस लागतात? एकवीस, असं सर्रास सांगतात. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना आरशातल्या नव्या रूपाची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘निदान’ हा शब्द मागे पडला आणि आकडा तेवढा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर १२ आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडून ती रोज त्याच प्रसंगी करायची होती, जसं जेवणासोबत एखादं फळ खाणं. वागणं आपोआप होऊ लागायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा, पण पल्ला होता १८ पासून २५४ पर्यंत (मोठे आकडे आलेखाच्या चढावरून काढलेले अंदाज). साधी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधेच एखादा दिवस चुकल्याने रुजण्यात फारसा फरक पडला नाही. हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलं आहे, कारण एका दिवसाच्या खाड्यावरून कितीतरी जण सगळंच सोडून देतात.

कधी कधी परिस्थितीच हात बदलायला लावते. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, काही स्थानकं बंद राहिली, लोकांना दुसऱ्या वाटेने जावं लागलं. संप मिटल्यावर प्रवासी-कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर साधारण वीसातला एक जण जुन्या मार्गावर परतलाच नव्हता. वर्षानुवर्षं रोज जाऊनही त्यांना त्यांच्या सोयीची वाट माहीत नव्हती! मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला हे पटेल: ठरलेली गाडी, ठरलेला डबा, फलाटावरची ठरलेली जागा.

इंग्लंडमधल्या पीटरबरो शहरात ८०० जणांना पर्यावरणाला जपणाऱ्या छोट्या सवयींसाठी मदत दिली गेली. त्यातल्या निम्म्यांनी नुकतंच घर बदललं होतं, आणि मदतीचा परिणाम त्यांच्यावर जास्त झाला. सवय बदलण्याची ही संधी घर बदलल्यानंतर साधारण पहिले तीन महिने टिकते, असं अभ्यासकांना आढळलं. तेव्हा नव्या घरात सामान लावायच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा. मोबाइलचा चार्जर कोणत्या भिंतीला, चालायचे बूट कुठे, रात्री वाचायचं पुस्तक उशीच्या कोणत्या बाजूला, हे तेव्हाच ठरवून टाका. घर बदलणार नसाल तर निदान टेबल खिडकीकडे फिरवा, आणि आठवडाभर हात कुठे कुठे चुकतो ते पाहा.