इंजिन नियंत्रक संगणकाचे पुनर्लेखन : शक्ती, धूर आणि शेंद्र्याच्या मोटारी

प्रस्तावना :

मोटारगाडीचा 'पिकअप' वाढविण्यासाठी पूर्वी मिस्त्री कार्ब्युरेटरचा जेट बदलत असे किंवा डिझेल पंपाचा स्क्रू फिरवीत असे. आज तेच काम लॅपटॉप जोडून केले जाते. त्यास व्यवहारात 'रिमॅप' किंवा 'चिप ट्यूनिंग' म्हणतात. हा विषय वरकरणी हौशी तरुणांचा वाटतो. परंतु छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तत्कालीन औरंगाबाद, येथील शेंद्रा औद्योगिक वसाहतीशी त्याचा निकटचा संबंध आहे. स्कोडा कंपनीने २००१ मध्ये येथे ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू केली. तिचे टर्बो डिझेल इंजिन भारतातील रिमॅपच्या हौशीचे एक प्रमुख आकर्षण ठरले, आणि पुढे २०१५ मध्ये याच समूहाला आपल्या लक्षावधी मोटारींचे संगणक स्वतःहून पुन्हा लिहून देण्याची तयारी दर्शवावी लागली. प्रस्तुत लेखात या पुनर्लेखनाचे तांत्रिक स्वरूप आणि त्यातून उद्भवणारा सार्वजनिक प्रश्न स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संगणक काय ठरवितो?

इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजेच 'ईसीयू', हा ॲल्युमिनियमच्या डबीतील छोटा संगणक होय. इंजिनाची गती, आत येणारी हवा, पाण्याचे तापमान, ॲक्सिलरेटरची स्थिती इत्यादी माहिती संवेदकांकडून घेऊन तो दर फेऱ्यास किती इंधन, कोणत्या क्षणी व किती दाबाने सोडावयाचे हे ठरवितो. हे निर्णय तो दरवेळी नव्याने गणित मांडून घेत नाही. स्मृतीत साठविलेली कोष्टके असतात. आडव्या ओळीत इंजिनाची गती, उभ्या ओळीत भार आणि चौकटीत हवा असलेला आकडा. लॉगॅरिदमचे कोष्टक वापरलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. या कोष्टकांनाच 'मॅप' म्हणतात आणि त्यांतील आकडे बदलणे म्हणजे रिमॅप. प्रारंभी त्यासाठी चिप उपसून काढावी लागे, म्हणून 'चिप ट्यूनिंग' हे नाव पडले; नंतर स्टिअरिंगखालील निदान सॉकेटमधूनच हे काम होऊ लागले.

निर्मात्याने आकडे जपून का ठेवलेले असतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एकच इंजिन लडाखच्या थंडीत आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात चालावयाचे असते. इंधनाची प्रत सर्वत्र सारखी नसते. क्लच व गिअरबॉक्स हमीच्या काळात टिकावयाचे असतात. ही राखीव जागा रिमॅप करणारा वापरून टाकतो. टर्बो डिझेल इंजिनात हवेचा दाब व इंधन दोन्ही वाढविता येत असल्याने टॉर्क वीस ते तीस टक्क्यांनी वाढणे अशक्य नसते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात मात्र हवाच वाढविता येत नाही. तेथे मिळणारा लाभ साधारणतः दहा टक्क्यांच्या आत राहतो. तेवढ्यासाठी पैसे मोजणे प्रस्तुत लेखकास शहाणपणाचे वाटत नाही.

डिझेल इंजिनापुरती खरी मेख वेगळीच आहे. ज्वलनाचे तापमान वाढले की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजन ऑक्साइड वायू तयार होतात. ते श्वसनमार्गास अपायकारक असून सूर्यप्रकाशात जमिनीलगतच्या ओझोनची निर्मितीही घडवितात. तापमान उतरविण्यासाठी जळालेल्या वायूंचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतात. त्यामुळे हे ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते आणि इंजिनाची चपळाईही घटते. शक्ती, ॲव्हरेज, काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड यांत केलेली तडजोड म्हणजे ईसीयूतील कोष्टक. एक आकडा आपल्या सोयीचा केला की त्याचा भार दुसरीकडे, पुष्कळदा रस्त्यावरच्या अन्य माणसाच्या फुफ्फुसावर, जाऊन पडतो.

निर्मात्याचेच पुनर्लेखन :

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर नोटीस बजावली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील छोट्या संशोधक गटाने गाडीच्या मागे मापनयंत्र बसवून केलेल्या चाचण्या या प्रकरणाच्या मुळाशी होत्या. स्टिअरिंग फिरत नाही, वेग ठराविक क्रमाने बदलतो आहे, अशा खुणांवरून गाडी प्रयोगशाळेतील रोलरवर आहे हे संगणक ओळखत असे व तेवढ्यापुरता स्वच्छ मॅप वापरीत असे. रस्त्यावर येताच मॅप बदले. परीक्षेपुरता अभ्यास करणारा विद्यार्थी आपणा प्राध्यापकांना परका नाही. येथे तो विद्यार्थी यंत्र होता एवढेच.

भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने चाचण्या केल्या. प्रत्यक्ष रस्त्यावरील नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन भारत स्टेज ४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० मोटारी परत बोलावण्याची घोषणा केली. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. शेंद्र्यात स्कोडाबरोबर ऑडीचीही जुळणी होत असल्याने हा विषय या शहरापासून दूरचा नव्हता. उपाय मुख्यतः एकच : सॉकेटला संगणक जोडून मॅप बदलणे. म्हणजे गॅरेजमधील हौशी मिस्त्री जे करतो तेच, उलट दिशेने. रस्त्यावरील उत्सर्जनास भारतात तेव्हा विहित मर्यादाच नसल्याने आपण नियमभंग केलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

एका शाळाशिक्षिकेसह काही अर्जदारांनी हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेले. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने कंपनीस ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

कायद्याची नजर :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांस मर्यादा घालते. तथापि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'फेरबदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. रुंद टायर किंवा कापलेले छप्पर या व्याख्येत सहज बसते. स्मृतीतील काही आकड्यांचे काय, याचे उत्तर तितके सरळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ अ अननुज्ञात फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही अशी तरतूद करते. पण दंड करणाऱ्यास बदल दिसावा तर लागतो. बॉनेट उघडूनही तो दिसत नाही, कारण डबी तीच असते.

नव्या मोटारींपुरती परिस्थिती सुधारली आहे. भारत स्टेज ६ चा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला व प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनासही मर्यादा आली. रस्त्यावर असलेल्या गाडीची नियतकालिक तपासणी मात्र पीयूसी केंद्रावरच होते. तेथे डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. त्यामुळे रिमॅप करून काळा धूर ओकणारी गाडी तेथे कदाचित सापडेल, परंतु २०१५ साली ज्या वायूवरून हे सारे घडले तो वायू कितीही सोडणारी गाडी उत्तीर्ण होऊ शकते. शेंद्र्यातून निघालेल्या त्या काळच्या डिझेल मोटारी जुन्या गाड्यांच्या बाजारात हात बदलत आल्या आहेत. विकत घेणारा रंग पाहतो, टायर पाहतो, किलोमीटर विचारतो. गाडीत मूळ मॅप आहे, कंपनीने नंतर लिहिलेला आहे की एखाद्या गॅरेजचा, याची नोंद नोंदणी पुस्तिकेत कोठेच नसते.