तोंडातील जुनाट दाह आणि ऊतिपरीक्षा

मुळशी तालुक्यातील मारुंजी गावाला आता हिंजवडीची उद्योगवसाहत येऊन भिडली आहे. तेथे शेतावर राबणारा वृद्ध असो, रात्रपाळीचा कामगार असो, की संगणकापुढे बसणारा तरुण असो. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला किंवा तिखट लागताच तोंडाची आग होऊ लागली, की प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो : उष्णता झाली असेल, तूप लावावे, चार दिवसांत बरे वाटेल. बहुधा तसे होतेही. परंतु दोन आठवडे लोटूनही चट्टा वा व्रण हटत नाही, तेव्हा तो कशाचा, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना देता येत नाही.

याचे कारण असे, की तोंडातील श्लेष्मल त्वचा फार थोड्या भाषांत बोलते. ती पांढरी पडते, लाल होते, किंवा सोलवटते. लायकेन प्लॅनस या जुनाट दाहात गालांवर पांढऱ्या रेषांची जाळी उमटते. पण कर्करोगाआधीचा चट्टाही पांढराच असतो. पेम्फिगस या विकाराचे फोड अंगावर येण्यापूर्वी कित्येकदा तोंडातच फुटतात. क्षयाचा व्रण आणि कर्करोगाचा व्रण तर निष्णात वैद्यालाही चकवतो.

अशा वेळी ऊतिपरीक्षा, म्हणजेच बायॉप्सी, हा निवाड्याचा मार्ग होय. जागा बधिर करून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. तो व्रणाच्या मध्यातून नव्हे, तर काठावरून घ्यावा लागतो. मध्यभागी बहुधा मृत पेशीच हाती येतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवितात आणि मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढतात. हीमॅटॉक्सिलीन व इओसिन या रंगांनी पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि उरलेला भाग गुलाबी दिसू लागतो. पेम्फिगसचा संशय असल्यास आणखी एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता निराळ्या द्रवातून पाठवितात. त्यात प्रतिपिंडांचा शोध घेता येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली मग एकसारखे दिसणारे विकार वेगळे होतात. लायकेन प्लॅनसमध्ये आच्छादक थराच्या खाली लसिकापेशींचा पट्टा जमलेला असतो आणि तळाच्या पेशी झिजलेल्या असतात. पेम्फिगसमध्ये पेशींची परस्परांवरील पकड सुटलेली आढळते. क्षयात पेशींच्या गाठी व अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसतात. उपचारही त्याप्रमाणे अगदी भिन्न : एकाला दाहशामक औषध, दुसऱ्याला अनेक महिन्यांची क्षयविरोधी औषधे.

महाराष्ट्रात या परीक्षेला विशेष महत्त्व आहे, ते सुपारी-तंबाखूमुळे. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. डॉ. जोशी यांनी १९५३ साली टाळूखालील ऊती घट्ट होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे वर्णन केले. हा विकार मुख्यत्वे सुपारीने होतो, आणि त्यातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. तोंड किती उघडते हे वैद्य पाहूनच सांगतो. परंतु पेशींनी कर्करोगाची वाट धरली आहे काय, हे मात्र तो तुकडाच सांगतो. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-तंबाखूची सवय सुटलेली नाही.

'कापले की रोग चाळवतो' ही भीती घरोघर ऐकू येते. ती निराधार आहे. तुकडा काढल्याची जखम लहान असते आणि बहुधा थोड्याच दिवसांत भरून येते. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ती आधी सांगावीत. ही परीक्षा सर्वज्ञ नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. अहवाल रुग्णाची हकीकत आणि तोंडाची तपासणी यांच्या जोडीनेच वाचावा लागतो. व्रण टिकून राहिला, तर परीक्षा पुन्हाही करावी लागते.

मारुंजीहून पिंपरीचे दंतमहाविद्यालय दूर नाही. दूर असतो तो निर्णय. दोन आठवडे न हटलेल्या व्रणावर महिनोन्महिने मलमे बदलीत राहण्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा देणे, यातच खरी काटकसर आहे. कारण रोगाचे नाव वेळीच कळले, तर उपचाराला वेळ उरतो.