जॅकलची चूक आणि घोलवडचा चिकू

या रे, सगळे इकडे ओटीवर या. आज गोष्ट एका दुष्ट प्राध्यापकाची. तुमच्या स्पायडर-मॅनच्या कॉमिकमधला तो माइल्स वॉरन. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा आणि हिरवा वेश चढवला की 'जॅकल' व्हायचा. ग्वेन स्टेसी ही त्याची विद्यार्थिनी. तिच्यावर त्याचा जीव जडला होता. १९७३ सालच्या अंकात ग्वेन मेली आणि या माणसाचं डोकंच फिरलं. त्याने तिच्या पेशींपासून दुसरी ग्वेन घडवली. तेवढ्यावर न थांबता दुसरा स्पायडर-मॅनही घडवला. १९७५ च्या एका अंकात दोन स्पायडर-मॅन समोरासमोर उभे ठाकले. दोघांचा चेहरा एक, आठवणी एक आणि दोघांचंही म्हणणं एकच, खरा मी!

"आजोबा, असं खरंच करता येतं?" धाकटीने कालच विचारलं. बाळा, यातलं अर्धं येतं आणि अर्धं कधीच येणार नाही. येणारं अर्धं बघायला अमेरिकेला जायला नको. बोईसरहून डहाणूकडची गाडी धरायची. वाणगाव गेलं, डहाणू रोड गेलं की घोलवड. तिथल्या वाड्यांमधली कालीपत्ती चिकूची झाडं बघा. गर्द हिरवी पानं, अंडाकृती फळं, आत जेमतेम दोन-चार बिया. ही सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती आहेत. क्लोनच ते. आपले बागाईतदार त्यांना कलमं म्हणतात.

चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याची बी पेरली तर रोप येतं, पण फळासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागते आणि फळ आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून भेट कलम करतात. खुंट घेतात खिरणीचा. खिरणी ही चिकूच्याच कुळातली, आपल्याकडची चिवट बाई. वाढते सावकाश, पण मुळं घट्ट रोवते. तिचं रोप पेन्सिलएवढं जाड झालं की कुंडीसकट उचलून चांगल्या चिकूच्या फांदीजवळ न्यायचं. फांदी उंच असेल तर खाली मांडव घालून त्यावर कुंड्या मांडायच्या. मग धारदार चाकूने खिरणीच्या खोडाचा एक पातळ काप काढायचा आणि तसाच चिकूच्या फांदीचा. पांढरा चीक भळभळतो, तो पुसायचा. दोन्ही जखमा एकमेकींना बिलगवून घट्ट बांधायच्या. सालीच्या आत जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. एकीचा थर दुसरीच्या थराला भिडला की पेशी वाढून दोन्ही झाडं सांधली जातात. काही महिन्यांनी सांध्यावर खिरणीचा शेंडा छाटायचा आणि सांध्याखाली चिकूची फांदी कापायची. झालं! मुळं खिरणीची, वरचं सगळं अंग जुन्या चिकूचं. अशी किती माणसांनी किती पावसाळ्यांत कलमं बांधली असतील! त्यांची नावं कुठल्याही अंकात छापली गेली नाहीत, पण माझ्या लेखी जॅकलपेक्षा मोठे शास्त्रज्ञ तेच.

झाडाला हे सोपं जातं. फांदीतल्या पेशी वेळ आली की मूळ, पान, फूल काहीही होऊ शकतात. जनावराचं तसं नाही. कातडीची पेशी कातडीच राहते, म्हणून शास्त्रज्ञांना फार झगडावं लागलं. १९९६ च्या जुलैत स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका पांढऱ्या तोंडाच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. काळ्या तोंडाच्या मेंढीचं अंडं घेऊन त्यातलं केंद्रक, म्हणजे शरीराचा आराखडा असलेला भाग, काढून टाकलं आणि तिथे ती पेशी जोडली. गर्भ वाढला तोही काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटात. कोकरू बाहेर आलं ते पांढऱ्या तोंडाचं! पण त्याआधी अशी २७७ अंडी जोडावी लागली होती आणि त्यातून जगलं हे एकच कोकरू. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ साली म्हशीचं पहिलं क्लोन पारडू जन्मलं. ते काही दिवसांतच गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली, ती मात्र जगली.

आता जॅकलची चूक. त्याचे क्लोन मोठे होऊनच बाहेर येतात, तेही आठवणींसकट. डॉली कोकरू म्हणून जन्मली आणि चालायला, चरायला तिचं तीच शिकली. आठवणी केंद्रकात नसतात, त्या जगता जगता मेंदूत साठतात. ग्वेनच्या पेशीपासून फार तर एक तान्ही मुलगी झाली असती. तिने त्या प्राध्यापकाला ओळखलंही नसतं.

बरं, रूप तरी तेच? २००१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीचा क्लोन केला. पिल्लू झालं, पण अंगावरचे ठिपके मूळ मांजरीसारखे नव्हते, रंगही वेगळे. मांजरीच्या गर्भात कुठल्या पेशीने कुठला रंग धरायचा हे त्या त्या वेळी ठरतं. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा सारखे नसतात.

आणि आपला चिकू बघा ना. हीच कालीपत्ती नवसारीकडेही लावतात. तरी २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला, कारण इथल्या मातीत आणि समुद्राच्या वाऱ्यात पिकलेल्या फळाची चव वेगळी. आराखडा एकच, पण झाड घडतं ते मातीत.

क्लोनचा एक धोकाही ऐकून ठेवा. सगळी झाडं एकसारखी म्हणजे रोगाला दार एकच. ते उघडलं की सगळी बाग गेली. जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल केळी पनामा मर रोगाने अशीच बसली आणि १९५० च्या दशकापासून तिच्या जागी कॅव्हेंडिश आणावी लागली. म्हणून नवं वाण घडत राहायला हवं. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं नाव निघालं की तुम्हाला स्पायडर-मॅनला चावलेला किरणोत्सारी कोळी आठवतो. पण ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांनी बियांमध्ये बदल घडवून भुईमुगाची नवी वाणं केलीत. हे क्लोनच्या अगदी उलट काम, आणि तितकंच मोलाचं.

तेव्हा आता चिकू खाल तेव्हा बिया फेकू नका. कुंडीत पेरा, महिनाभर पाणी घाला. उगवेल ते रोप घोलवडच्या कुठल्याच वाडीत सापडणार नाही.