मुळावरच्या गुलाबी गाठी

हरभरा फुलावर यायच्या सुमारास एक रोप खुरप्याने मातीसकट उकरून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुतली की त्यांवर बारीक गाठी दिसतील. त्यातली एक नखाने चिरा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर काम जोरात चालू आहे. हिरवट निघाली तर थांबलं.

हवेतला नायट्रोजन पिकाला घेता येईल असा करण्याचं हे काम करतात रायझोबियम गटातले जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे हे जीव एकेका गाठीत प्रचंड संख्येने राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला तो थेट घेता येत नाही. खत कारखान्यात तो अमोनियात बदलायला ४०० अंशांच्या पुढचं तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हा जिवाणू तेच काम मातीच्या साध्या उबेत करतो. नेदरलँड्सच्या बायजेरिंक यांनी १८८८ मध्ये गाठींतून त्याला वेगळं काढलं.

एरवी तो मातीत सेंद्रिय पदार्थांवर गुजराण करतो. शेंगावर्गीय पिकाचं मूळ काही रसायनं पाझरतं. ती ओळखीची वाटली की जिवाणूही आपलं रसायन सोडतो. दोघांचं जुळलं तर मुळावरचा बारीक केस वळून त्याला कवेत घेतो आणि एका सूक्ष्म नळीतून आत नेतो. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही.

खरी अडचण आत गेल्यावर येते. नायट्रोजन फोडणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, आणि श्वसनासाठी जिवाणूला ऑक्सिजन तर हवाच. यावरचा तोडगा मला थक्क करतो. गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातलग. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने पोचवतं. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच.

या कामाच्या बदल्यात रोप आपल्या पानांत तयार झालेलं अन्न जिवाणूंना देतं. ते फुकट मात्र देत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या काही गाठींभोवती नायट्रोजनऐवजी आरगॉन ठेवला गेला. तिथले जिवाणू नायट्रोजन देईनात, तेव्हा रोपाने त्यांचा ऑक्सिजन कमी केला आणि त्यांची वाढ खुंटली. शेतात युरिया जास्त पडला तरी रोपाला या भागीदाराची गरज उरत नाही आणि गाठी कमी धरतात. कडधान्याला युरियाची जादा पोती ओतणं म्हणूनच मला दुहेरी नुकसान वाटतं.

बीजप्रक्रियेसाठी रायझोबियमची पाकिटं मिळतात. घेताना पीक आणि अंतिम तारीख, दोन्ही वाचा. आतला माल जिवंत आहे. ते पाकीट उन्हात ठेवू नका. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा, जिवाणू शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा.