मोजपट्टी आणि कान

१९५६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून, म्हणजे एमआयटीमधून, विद्युत अभियांत्रिकीतील डॉक्टरेट पूर्ण केलेल्या एका तरुणाने स्वतःलाच बक्षीस द्यायचे ठरवले. त्याने एक उत्तम स्टिरिओ विकत घेतला. निवड अर्थातच इंजिनीअरला शोभेल अशी होती. माहितीपत्रकातील सगळे आकडे तपासून, ज्याची मोजमापे सर्वांत चांगली तो संच त्याने घरी आणला. तबकडी लावली आणि त्याचा हिरमोड झाला. लहानपणी तो व्हायोलिन शिकला होता, त्यामुळे ते वाद्य समोर वाजते तेव्हा कसे ऐकू येते हे त्याला पक्के ठाऊक होते. स्टिरिओतून येणारे व्हायोलिन मात्र कर्कश होते. आकडे उत्तम आणि आवाज वाईट, असे का व्हावे?

हा तरुण म्हणजे अमर गोपाल बोस. पुढे त्यांचे आडनाव जगभरातील स्पीकर आणि हेडफोनवर झळकले. पण त्यांची ओळख एका ब्रँडपुरती ठेवली तर त्यांच्या विचारातला मोलाचा भाग निसटतो. तंत्रज्ञान कशासाठी, इंजिनीअर कसा घडवावा आणि मनोरंजनाच्या साधनाने माणसाला नेमके काय द्यावे, या तिन्ही प्रश्नांवर त्यांची मते ठाम होती. त्या मतांच्या मुळाशी स्टिरिओने विचारलेला तोच प्रश्न होता : यंत्र जे मोजते आणि माणूस जे अनुभवतो, त्यांत अंतर का पडते?

तळघरातले वर्कशॉप

अमर बोस यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधले क्रांतिकारक. ब्रिटिशांच्या तुरुंगवासानंतर ते भारतातून निसटून १९२०च्या सुमारास अमेरिकेत पोहोचले. आई अमेरिकन शिक्षिका होती. वर्णभेदाचे ते दिवस होते आणि या कुटुंबाला त्याची झळ बसत होती. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा व्यवसाय अडचणीत आला, तेव्हा किशोरवयीन अमरने रेडिओ दुरुस्तीचे काम सुरू केले. शाळेतल्या मित्रांना हाताशी धरले आणि घराला हातभार लावला.

बंद पडलेला रेडिओ उघडायचा, दोष शोधायचा आणि तो पुन्हा बोलता करायचा, हेच अमरचे अभियांत्रिकीचे पहिले शिक्षण. या शाळेत गुणपत्रिका नव्हती. रेडिओ वाजला तर पास, नाही तर नापास.

सभागृहात दडलेले उत्तर

स्टिरिओच्या निराशेनंतर बोस यांनी ध्वनीचा अभ्यास सुरू केला. मधल्या काळात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते वर्षभर दिल्लीत होते. परतल्यावर एमआयटीत शिकवू लागले. रिकाम्या वेळी मात्र डोक्यात स्पीकर असे. संगीत सभागृहातील ध्वनीचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की, श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीतला फार थोडा भाग थेट मंचावरून येतो. ८० टक्क्यांहून अधिक ध्वनी भिंती, छत आणि जमिनीवरून परावर्तित होऊन, चहूबाजूंनी येतो. थेट आणि परावर्तित ध्वनीच्या या मिश्रणामुळेच सभागृहातील संगीत भरलेले, मोकळे वाटते. त्या काळचे बहुतेक स्पीकर मात्र सगळा आवाज सरळ समोर फेकत.

१९६४ मध्ये, त्यांचे एमआयटीतील मार्गदर्शक यूक-विंग ली यांच्या प्रोत्साहनाने, बोस यांनी कंपनी स्थापन केली. पहिला माणूस घेतला तो त्यांचाच विद्यार्थी, शेर्विन ग्रीनब्लॅट. १९६६ मध्ये आलेला '२२०१' हा स्पीकर बाजारात पडला. त्यात २२ छोटे स्पीकर गोलाच्या आठव्या हिश्श्यासारख्या पृष्ठभागावर बसवले होते आणि तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा होता. दोन वर्षांनी आलेल्या '९०१' मध्ये नऊ स्पीकर होते. त्यातला एकच श्रोत्याकडे तोंड करून होता, उरलेले आठ मागच्या भिंतीकडे. भिंतीवर आपटून परतणारा आवाज खोली भरून टाकी. हा स्पीकर चालला आणि कंपनी उभी राहिली.

सगळ्यांनाच तो आवडला असे नाही. १९७० मध्ये अमेरिकेतील एका ग्राहक नियतकालिकाने लिहिले की, या स्पीकरवर वाद्यांचे आवाज खोलीत भटकल्यासारखे वाटतात. बोस कंपनी न्यायालयात गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९८४ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या संदर्भात हा निकाल आजही अभ्यासला जातो. माणसाच्या अनुभवाला अंतिम प्रमाण मानणाऱ्याला दुसऱ्या माणसाचा वेगळा अनुभव मात्र पचवता आला नाही, ही त्यातली गंमत. शिवाय मोजमापांवर फारसा विश्वास नसल्याने बोस यांची कंपनी आपल्या उत्पादनांचे तांत्रिक आकडे सहसा जाहीर करीत नसे. मग गिऱ्हाइकाने तुलना कशाच्या आधारावर करायची, हा टीकाकारांचा प्रश्नही रास्तच होता.

विमानातली वही

१९७८ मध्ये बोस युरोपातून बोस्टनला परतत होते. विमानात प्रवाशांना नवे इलेक्ट्रॉनिक हेडफोन दिले गेले. त्यांनी ते मोठ्या उत्सुकतेने कानाला लावले. पण इंजिनाच्या अखंड घरघरीत संगीत बुडून गेले. चडफडत बसण्याऐवजी त्यांनी कागद काढला आणि गणित मांडायला सुरुवात केली. विमान उतरेपर्यंत गोंगाट रद्द करणाऱ्या हेडफोनचा पाया कागदावर तयार होता.

यामागचे तत्त्व सोपे आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. बाहेरच्या आवाजाचा जिथे चढ आहे, तिथे नेमका तेवढाच उतार असलेला दुसरा आवाज निर्माण केला तर दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. हेडफोनमधला सूक्ष्म मायक्रोफोन गोंगाट टिपतो, सर्किट त्याची उलटी प्रतिमा तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. अवघड आहे ती अचूक वेळ साधणे. १०० हर्ट्झच्या खर्जातील ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर असते, त्यामुळे थोडासा उशीर खपून जातो. ५,००० हर्ट्झच्या तीक्ष्ण ध्वनीची तरंगलांबी जेमतेम सात सेंटिमीटर. तिथे किंचित चूक झाली तरी गोंगाट कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणूनच हे हेडफोन इंजिनाची घरघर, एसीची गुणगुण उत्तम गिळतात, पण लहान मुलाचे रडणे किंवा शिट्टी त्यांतून ऐकू येते. तीक्ष्ण आवाज अडवण्याचे काम कानावरच्या जाड गादीलाच करावे लागते.

कागदावरचे गणित बाजारात यायला अकरा वर्षे लागली. १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' या छोट्या विमानाने न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याच्या दोन वैमानिकांनी बोस यांच्या हेडसेटचे प्रायोगिक नमुने वापरले. नऊ दिवस इंजिनाशेजारी बसणाऱ्यांच्या श्रवणशक्तीचा तो प्रश्न होता. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट विक्रीला आला. सामान्य प्रवाशासाठीचा हेडफोन त्यानंतरही दशकभराने आला.

कानाचा हिशेब

मनोरंजनासाठी सुरू झालेली ही गोष्ट इथे आरोग्याशी येऊन भिडते. आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात प्रत्येक कानामागे सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. ध्वनीची थरथर विद्युत संदेशात बदलून मेंदूकडे पाठवण्याचे काम या पेशी करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि मारा चालूच राहिला तर मरतात. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींसारख्या त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. एकदा गेल्या की गेल्या.

इथेही मोजपट्टी फसवते. डेसिबलचे कोष्टक साध्या बेरजेचे नाही. आवाज तीन डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहाने वाढला की दसपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला हीच मुदत चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटांवर. आकड्यांत ८० आणि १०० यांत फार फरक दिसत नाही. कानाच्या हिशेबात तो शंभर पटींचा आहे. ऐकण्याच्या असुरक्षित सवयींमुळे १२ ते ३५ वयोगटातील शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात असल्याचे ही संघटना सांगते.

लोकलच्या डब्यात किंवा एसटीत बसलेला तरुण आवाज का वाढवतो? संगीत कमी पडते म्हणून नव्हे, तर भोवतालचा गोंगाट जास्त असतो म्हणून. गोंगाटावर मात करण्यासाठी तो त्यावर आणखी आवाज चढवतो. गोंगाट रद्द करणारा हेडफोन इथे खरोखर उपयोगी पडतो, कारण भोवताल शांत झाला की कमी आवाजातही गाणे नीट ऐकू येते. अट एकच, शांतता मिळाल्यावर आवाज खाली आणायचा. ते न करणाऱ्याला महागडा हेडफोनही वाचवू शकत नाही. आणि रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडताना तो कानावरून काढलाच पाहिजे, कारण इंजिनाची घरघर गिळणारे यंत्र मागून येणाऱ्या ट्रकची घरघरही गिळते. मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांसाठी तर उपाय साधाच आहे : लांब उभे राहा, अधूनमधून बाजूला जा, कानात इअरप्लग घाला. दुसऱ्या दिवशी कानात शीळ वाजत राहिली किंवा बोलणे पुसट ऐकू आले तर ती धोक्याची घंटा समजावी आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

इंजिनीअर कसा घडतो?

कंपनी मोठी झाली तरी बोस यांनी वर्ग सोडला नाही. २००१ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ते एमआयटीत शिकवत राहिले. विषय ध्वनिशास्त्राचा असे, पण त्यात माणूस ध्वनी कसा अनुभवतो हा भाग मध्यवर्ती होता. सूत्रांइतकेच महत्त्व विचार करण्याच्या पद्धतीला होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना आठवतात ती नुसती समीकरणे नाहीत. वागावे कसे, आयुष्यात मोलाचे काय, यावरही सर वर्गात बोलत.

कंपनीही त्यांनी प्रयोगशाळेसारखी चालवली. शेअर बाजारात ती कधी नोंदवली नाही. नफा संशोधनात घालायचा, हा दंडक. व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्यांच्या कंपनीत नोकरी केली असती तर आपल्याला शंभरदा काढून टाकले असते, असे ते म्हणत. त्यात तथ्य होते. १९८०च्या सुमारास त्यांनी मोटारीच्या सस्पेन्शनवर काम सुरू केले. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरऐवजी विद्युतचुंबकीय मोटर वापरून खड्ड्यांचे धक्के गिळायचे, ही कल्पना. गोंगाट रद्द करण्याचाच तो भाऊबंद. २००४ मध्ये जगाला दाखवलेली मोटार खडबडीत रस्त्यावरून पाण्यावरून सरकावी तशी गेली. पण यंत्रणा जड आणि महाग ठरली, ती मोटार विक्रीला आलीच नाही. मात्र त्याच तंत्रातून ट्रकचालकांसाठी धक्के शोषणारे आसन तयार झाले. दिवसभराच्या थरथरीने ज्यांची पाठ आणि कंबर धरते, त्यांच्यासाठी ते उपयोगाचे. चोवीस वर्षांच्या कामाचे फळ ठरवले होते तिथे लागले नाही, दुसऱ्याच फांदीवर लागले.

२०११ मध्ये बोस यांनी कंपनीचे बहुसंख्य शेअर एमआयटीला देऊन टाकले. संस्थेने ते विकायचे नाहीत, कारभारात दखल द्यायची नाही, लाभांश शिक्षण आणि संशोधनावर खर्च करायचा, अशी व्यवस्था. १२ जुलै २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी पर्सेंटाइलच्या दशांशांवर झोप उडवणाऱ्या महाराष्ट्रातील घरांना या आयुष्यातून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच. गुण, डेसिबल, माहितीपत्रकातील आकडे हे सगळे लागतेच. बोसही विमानात गणितच मांडत होते. पण मोजपट्टी कशासाठी धरली आहे, हे विसरले की उत्तम आकड्यांचा स्टिरिओ कर्कश वाजतो आणि उत्तम गुणांच्या मुलाला बंद पडलेला मिक्सर उघडून पाहण्याचा धीर होत नाही. घरातली एखादी जुनी वस्तू भंगारात देण्याआधी, प्लग काढून, मुलासमोर ठेवून पाहायला हरकत नाही. आणि ती दुरुस्त करताना तो गाणी ऐकत असेल, तर आवाज थोडा कमी करायला सांगावे. मिक्सर दुरुस्त होतो, नवाही मिळतो. रोमपेशी मिळत नाहीत.